ट्रक कॅम्पर घेऊन हामा घाट ओलांडताना

अर्जेंटिनातलं पुर्मामार्का आणि चिलीतलं सान पेद्रो दे अताकामा यांच्यामध्ये साधारण 410 किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. दोन्ही गावं 2300 ते 2400 मीटरवर, मधली हामा सरहद्द 4200 मीटरवर, आणि चिलीत शिरल्यावर रस्ता 4800 मीटरच्या आसपास पोचतो. अँडीजमध्ये दिवसाचा पल्ला किलोमीटरवरून ठरवण्यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपणार यावरून ठरवावा. हामा घाट त्या दृष्टीनं सोयीचा आहे: पहाटे निघालात तर उंचावर फक्त दिवस जातो, झोप दोन्हीकडे खालीच.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेलं राहायचं खोकं. निघण्याआधी गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर न्या. कॅम्परच्या माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या खोक्याचं असतं. समजा ते 700 किलो आहे. त्यात 80 लिटर पाणी म्हणजे 80 किलो, गॅसच्या दोन टाक्या 40, बॅटरी आणि सोलर 50, भांडी-कपडे-हत्यारं 120, दोन माणसं 140. झाले 1130 किलो, आणि एक टन वाहणारी पिकअप घाटाआधीच जास्त भरली. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या किंचित पुढे आला पाहिजे. तो मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही.

कॅम्पर हौद्याला न बांधता चासीला बांधलेला चांगला. हौद्याचा पत्रा पातळ असतो. खडीच्या रस्त्यावरच्या सततच्या थरथरीनं त्याचे कोपरे चिरतात. कॅम्पर आवळून धरणारे फिरकीचे ताणे, म्हणजे टर्नबकल, पहिल्या 50 किलोमीटरनंतर सैल होतातच, कारण कॅम्पर हौद्यात बसतो आणि खालचं रबर दबतं. थांबा, चारही टर्नबकल हातानं हलवून पाहा, ढील असेल तेवढीच काढा आणि लॉकनट घट्ट करा. गरजेपेक्षा जास्त आवळले तर कॅम्परच्या सांगाड्यातले हूकच उपटून येतात.

ब्रेक ऑइल नवीन घाला. डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत येऊ शकतो. सान पेद्रोच्या उतारावर हा फरक थेट पायाला कळतो. रेडिएटरचं झाकणही बदला. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येतो, त्यामुळे जुनं झाकण दाब धरत नसेल तर कूलंट लवकर उकळतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं ठेवलं की ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही.

टायरच्या हवेत बरेच जण फसतात. समुद्रकिनारी 60 पीएसआय भरलेला टायर 4200 मीटरवर, तापमान तेच असेल तर, सुमारे 66 दाखवतो. बाहेरचा दाब कमी झालेला असतो, टायरमध्ये जादा हवा आलेली नसते. पहाटेच्या थंडीनं त्यातले काही पीएसआय परत उतरतात. म्हणून वर हवा सोडू नका. सोडलीत तर खाली उतरल्यावर टायर कमी हवेत चालेल, भिंती तापतील आणि भरलेल्या गाडीचा टायर तिथेच फुटतो.

चढताना

डिझेल पुर्मामार्काजवळच्या हुहुय शहरातच टाकी भरून घ्या. भरलेली गाडी शंभर किलोमीटरला 15 ते 18 लिटर पिते, म्हणजे हा घाट साधारण 75 लिटरचा. वाटेतलं सुस्केस गाव आणि हामा इथे पंप आहेत, पण ते राखीव समजा. तिथे डिझेल संपलेलं असू शकतं, कधी कार्डही चालत नाही. हिवाळ्यात डिझेलमधलं मेण थंडीनं धरतं आणि फिल्टर चोंदतो. त्यावरचं औषध डिझेल पातळ असतानाच टाकीत घालायचं असतं, एकदा गोठल्यावर त्याचा उपयोग नाही. एक जादा फिल्टर जवळ ठेवा.

पुर्मामार्का सोडलं की लगेच लिपानचा घाट लागतो, थेट 4170 मीटरपर्यंत. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. लवकर खालचा गिअर टाका आणि इंजिनाला फिरू द्या. मोठ्या गिअरमध्ये रेटलं की काळा धूर येतो आणि तापमानाचा काटा चढतो. दुपारनंतर वारा जोर धरतो आणि कॅम्परच्या उंच बाजूवर तो आदळतो, म्हणून सकाळी सातच्या आत निघा. जून ते ऑगस्टमध्ये बर्फामुळे घाट बंद होऊ शकतो. सरहद्दीच्या वेळा आणि रस्त्याची स्थिती आदल्या संध्याकाळी बघून घ्या.

सरहद्दीवर

हामाला दोन्ही देशांचे कक्ष अर्जेंटिनाच्या बाजूला एकाच इमारतीत आहेत. गाडीच्या तात्पुरत्या आयातीचा कागद चिलीत 90 दिवसांचा मिळतो. त्यावरचा चासी नंबर आणि नंबरप्लेट एकेक अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर खिडकीसमोरच दुरुस्त करून घ्या, कारण पुढच्या सरहद्दीवर हा कागद तुमच्या गाडीचा नाही असं ठरेल. परदेशी गाडीसाठीचा सोआपेक्स विमा आधीच ऑनलाइन काढून छापून ठेवा.

चिलीचा कृषी विभाग फळं, भाज्या, कच्चं मांस, मध, बिया यांबाबत फार कडक आहे. मराठी स्वयंपाकघर घेऊन निघालेल्यांनी मोड आणायचे मूग, कच्चे शेंगदाणे, सुटी डाळ, मसाले हे सगळं फॉर्मवर जाहीर करावं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड बसतो. कांदे-बटाटे आदल्या रात्री शिजवून संपवा. हुहुयमध्ये कोका पानं उघड मिळतात, ती सरहद्दीपलीकडे नेऊ नका.

वर मुक्काम करायचाच असेल तर

सालिनास ग्रांदेस हे मिठाचं मैदान सुमारे 3450 मीटरवर आहे, सुस्केस 3600 वर. आधी दोन-तीन रात्री पुर्मामार्कात काढा. डोकं ठणकत असेल, उलटी होत असेल, तर आणखी वर जाऊ नका. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्रीसुद्धा खाली उतरा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

सुस्केसला पाणी 88 अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात भातात कणी राहते आणि तूरडाळ तर शिजतच नाही. कुकर घ्याच. त्याच्यातलंही तापमान घरच्यापेक्षा सहा-सात अंश कमी राहतं, म्हणून डाळ पाच-सात तास भिजवा आणि एक-दोन शिट्ट्या जास्त काढा. गॅसची ज्योत पिवळी दिसली तर प्राणवायू कमी पडतोय, खिडकी उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ लावा. गॅस प्रोपेनच घ्या, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ होणंच सोडतो. डिझेल हीटर उंचावर मंद चालवला की काजळी धरतो. तो पूर्ण जोरावर चालवून बंद करा, आणि खाली आल्यावर वीस मिनिटं पुन्हा तसाच चालवा. रात्री पाण्याचा पंप बंद करून नळ उघडे ठेवा, म्हणजे पाइपमधलं पाणी गोठलं तरी सांधे फुटणार नाहीत.

उतरताना

सान पेद्रोकडचा शेवटचा उतार सुमारे 40 किलोमीटरमध्ये दोन हजार मीटरहून जास्त खाली येतो. बेकाबू ट्रकसाठी तिथे बाजूला खडीच्या पट्ट्या आहेत. उतार सुरू होण्याआधीच गिअर दुसरा-तिसरा असू द्या. ब्रेक दाबून धरू नका. वेग वाढला की ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा. जळका वास आला किंवा पेडल खोल गेलं तर थांबा, चाकांना दगड लावा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते. गावात पोचल्यावर चाकांच्या नटांचा ताण आणि टर्नबकल दोन्ही तपासा. टायर पूर्ण निवल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा पुन्हा मोजा.