धर्मग्राम विलीन होतोय? आधी हुकूमनामा वाचा

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात २०२३ साली १७८ धर्मग्रामांचे (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा स्थानिक भक्तसमुदाय) १३४ झाले. तुमच्या धर्मग्रामावर अशी वेळ आली, तर आधी बिशपांचा लेखी हुकूमनामा मिळवा. विलीनीकरण वेगळं आणि चर्चची इमारत उपासनेतून काढणं वेगळं. पहिल्याआधी बिशपांनी धर्मगुरू परिषदेचं मत घ्यायलाच हवं (कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, म्हणजे कॅनन लॉचं कलम ५१५). दुसऱ्याला 'गंभीर कारण' लागतं (कलम १२२२). 'धर्मप्रांताची योजना आहे' एवढ्यावर भागत नाही.

हुकूमनामा कळल्यापासून दहा दिवसांत बिशपांनाच फेरविचाराचा अर्ज द्या. ही पायरी चुकवून थेट रोमला लिहिणारे इथेच अडकतात. बिशपांकडे उत्तराला तीस दिवस असतात. नकार आला, किंवा काहीच आलं नाही, की पुढच्या पंधरा दिवसांत व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक खात्याकडे दाद मागा. त्यानंतर उरते अपोस्टोलिक सिग्नातुरा, म्हणजे व्हॅटिकनचं सर्वोच्च न्यायालय.

'चर्च बचाव समिती'च्या नावाने अर्ज करू नका; समितीला दाद मागण्याचा हक्क नसतो. प्रत्येकाने धर्मग्रामस्थ म्हणून स्वतःच्या नावाने सही करावी. आठवणी, भावना थोडक्यात. छताच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक, तीन-चार वर्षांचा ताळेबंद, मिस्साची (चर्चमधल्या सामूहिक उपासनेची) हजेरी मात्र जोडाच. पोच घ्यायला विसरू नका, तारीख त्यावरूनच ठरते.