वस्तीत अभ्यासवर्ग काढताय? आधी पाण्याची वेळ विचारा

भांडुपच्या टेंभीपाड्यात, आमच्या गणेश मंडळाच्या खोलीत मी ११ वर्षं संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेते. तुमच्या चाळीत असा वर्ग काढायचा असेल, तर पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडू नका. घरोघर जा आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा.

सुरुवातीला माझा वर्ग सहाला भरायचा. मुलगे यायचे, मुली दोन दिवस येऊन गायब. त्यांना गोडीच नाही, असं मी धरून चालले होते. पाणी सहाला यायचं आणि हंडे भरायचं काम त्यांच्याकडे होतं. वर्ग सातला नेला, तशा त्याच मुली रोज येऊ लागल्या. कडेवर धाकटं भावंड असेल तर त्यालाही येऊ द्या. कोपऱ्यात एक चटई, पाटी आणि खडू ठेवला की भागतं.

मग प्रत्येक मुलाला पाच मिनिटं एकट्याला जवळ बसवा. अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा उतारा, छोटी गोष्ट, या क्रमाने वाचून घ्या. जिथे अडेल तिथून त्याचा गट. इयत्ता बघायची नाही. १९९५ साली मुंबईतच सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने ही पद्धत वस्त्यावस्त्यांत वापरली आहे. पाचवीतला मुलगा तिसरीतल्यांबरोबर बसायला लाजतो. त्याला छोट्यांना शब्द सांगायचं काम द्या. फळ्यावरचं सोडून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्या मुलाचे डोळे आधी तपासून घ्या.

गणिताला मात्र घाई करू नका. ‘त्रेचाळीस’ म्हटलं की मूल ३४ लिहितं, कारण कानावर आधी तीन पडतो. ‘एकोणसाठ’ म्हणताना तोंडात साठ असतात आणि लिहायचे ५९. घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलाचा तर फारच गोंधळ उडतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा वाद झाला! मला तो बदल मनापासून पटला होता. मी दोन्ही म्हणून घेते: आधी ‘चाळीस तीन’, मग त्रेचाळीस. खराट्याच्या काड्यांचे दहादहाचे गठ्ठे रबराने बांधा. चार गठ्ठे, तीन सुट्या काड्या. मुलाने स्वतः गठ्ठा सोडून हातचा घेतला की वजाबाकी त्याला कळते. यात महिना गेला तरी जाऊ द्या.

शाळेतच न जाणारं मूल भेटलं तर पालकांना सांगा, ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंय. पहिल्या दिवशी सोबत जा. एकट्या आईला बऱ्याचदा दारातूनच परत पाठवतात, हे मी पाहिलंय.

गणपतीत खोली मिळत नाही, तेवढे दिवस कुणाच्या तरी ओट्यावर बसा, खंड पडू देऊ नका. मे महिन्यात मुलं गावाला जातातच. जूनमध्ये परतली की नवीन काही न शिकवता पुन्हा तीच पाच मिनिटांची तपासणी घ्या आणि गट नव्याने पाडा.