मूळ संख्येच्या क्षेत्रात बहुपदींची भाज्यता: या चुका टाळा

मॉड ३ मध्ये (म्हणजे प्रत्येक आकड्याऐवजी त्याला ३ ने भागून उरणारी बाकी धरली, तर) क्ष^३ − क्ष या बहुपदीत ०, १, २ काहीही घाला, किंमत शून्यच येते. म्हणून अनेक जण ही बहुपदीच शून्य धरतात आणि ‘हिला कशानेही भाग जाईल’ असं लिहून मोकळे होतात. एकदा भागून पाहा. क्ष^२ + १ ने भागलं की भागाकार क्ष येतो आणि बाकी −२क्ष, म्हणजेच क्ष, उरते. भाग जात नाही. बहुपदी ठरते ती तिच्या सहगुणकांवरून (क्ष च्या घातांपुढच्या आकड्यांवरून), किमतींवरून नाही. फर्माचा नियम (मॉड ३ मध्ये अ^३ = अ) क्षेत्रातल्या, म्हणजे शून्य सोडून कशानेही भागता येतं अशा संचातल्या, आकड्यांसाठी आहे, म्हणून भागाकार चालू असताना क्ष^३ च्या जागी क्ष लिहू नका. घातांक मॉड ३ करणं तर त्याहून चुकीचं.

(‘मूळ’ हा शब्द इथे मूळ संख्येसाठीच वापरतो, समीकरणाच्या मुळाला ‘उकल’ म्हणू, नाहीतर घोळ होतो.)

दुसरी चूक अपूर्णांकांच्या भीतीची. मॉड ५ मध्ये ३क्ष + १ ने क्ष^२ + १ ला भाग जातो का? ‘३ ने १ ला भाग जात नाही, म्हणून नाही’ हे उत्तर पूर्णांकांच्या सवयीतून येतं. मॉड ५ मध्ये ३ चा व्यस्त २ आहे, कारण ३ × २ = ६ = १. मग (३क्ष + १)(२क्ष + १) = ६क्ष^२ + ५क्ष + १ = क्ष^२ + १. भाग पूर्ण जातो. भागायला बसण्याआधी भाजकाच्या पहिल्या सहगुणकाचा व्यस्त काढून ठेवा. मात्र तो सहगुणक मॉड घेतल्यावर शून्य होत असेल, तर भाजकाची कोटीच (सर्वांत मोठा घातांक) उतरते. ते आधी तपासा.

सगळ्यात जास्त फसवतो तो विकलज (डेरिव्हेटिव्ह). नेहमीचा नियम असा: क्ष = अ ला बहुपदी आणि तिचे पहिले न − १ विकलज शून्य असतील, तर (क्ष − अ)^न ने तिला भाग जातो. मॉड ३ मध्ये क्ष^६ + क्ष^३ + १ घ्या. विकलज ६क्ष^५ + ३क्ष^२, म्हणजे शून्य! बहुपदी स्थिर नसूनही विकलज शून्य. क्ष = १ ठेवलं तर बहुपदीची किंमत ३, म्हणजे शून्य; आणि पुढचे सगळे विकलज शून्यच. हा नियम आंधळेपणाने लावला तर (क्ष − १)^१०० नेही हिला भाग जायला हवा, आणि हिची कोटी तर फक्त ६. नियम कुठे मोडतो? बहुपदी (क्ष − १) च्या घातांत मांडणाऱ्या टेलरच्या सूत्रात क्रमगुणिताने भागावं लागतं, आणि ३! (म्हणजे ३ × २ × १ = ६) इथे शून्य आहे. म्हणून मॉड ३ मध्ये ही कसोटी (क्ष − १)^३ पर्यंतच भरवशाची.

उपाय सोपा आहे. क्ष = य + १ ठेवा. मॉड ३ मध्ये (य + १)^३ = य^३ + १, म्हणून बहुपदी होते (य^३ + १)^२ + (य^३ + १) + १ = य^६ + ३य^३ + ३ = य^६. म्हणजे सुरुवातीची बहुपदी बरोबर (क्ष − १)^६ आहे. हे असं उलगडताना पाहिलं की मला दर वेळी नव्याने आनंद होतो. बहुपदी वर्गमुक्त आहे की नाही (एखादा अवयव दोनदा येतो का) हे विकलजाशी मसावि काढून तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही विकलज शून्य येण्याची ही शक्यता वेगळी हाताळावी लागते, आणि तीच बहुतेकदा राहून जाते.

‘उकल नाही, म्हणजे अवयव नाहीत’ हे फक्त कोटी २ आणि ३ ला खरं. मॉड २ मध्ये क्ष^४ + क्ष^२ + १ ला ० किंवा १ यांपैकी एकही उकल नाही, तरी ती (क्ष^२ + क्ष + १)^२ आहे.

मॉडमधून पूर्णांकांकडे परत येतानाही जपून. मॉड २ मध्ये क्ष + १ ने क्ष^२ + १ ला भाग जातो, पूर्णांकांत जात नाही. क्ष^४ + १ चे तर प्रत्येक मूळ संख्येच्या मॉडमध्ये अवयव पडतात, आणि परिमेय संख्यांवर एकदाही नाही.

आणि मॉड ८ म्हणजे क्षेत्र नव्हे: तिथे क्ष^२ − १ ला १, ३, ५, ७ अशा चार उकली आहेत. चार घटकांचं क्षेत्र हवं असेल तर ते मॉड ४ मध्ये मिळत नाही. मॉड २ वर क्ष^२ + क्ष + १ शून्य धरून बांधावं लागतं.