नवे कच्चे तेल रिफायनरीत घेण्यापूर्वी काय काय तपासावे

कोणतीही रिफायनरी 'कच्चे तेल' या एकाच पदार्थासाठी बांधलेली नसते. ती घनता, गंधक, क्षार आणि आम्लता यांच्या एका ठरावीक पट्ट्यासाठी बांधलेली असते. त्या पट्ट्याबाहेरचे तेल बॅरलमागे काही डॉलर स्वस्त मिळाले, तरी ती सूट ऊर्ध्वपातन कॉलमच्या (तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या उंच मनोऱ्याच्या) माथ्यावर किंवा भट्टीच्या नळ्यांत खर्ची पडू शकते. २०२२ नंतर रशियाचे युराल्स नावाचे कच्चे तेल भारतात मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आणि आयातीतला रशियाचा दोन टक्क्यांहून कमी असलेला वाटा एक तृतीयांशाच्या घरात पोहोचला. हे इतक्या सहजपणे झाले, त्याचे एक कारण असे की सुमारे ३१ एपीआय (तेलाचा हलकेपणा मोजणारा अंश) आणि दीड टक्क्याच्या आसपास गंधक असलेले युराल्स आखाती मध्यम तेलाच्या जवळचे आहे. प्रत्येक स्वस्त तेल इतके सोयीचे नसते. म्हणून नियोजन विभागातील किंवा प्रक्रिया विभागातील अभियंत्याने नव्या तेलाला होकार देण्यापूर्वी कोणत्या क्रमाने विचार करावा, ते येथे मांडले आहे.

आधी ॲसे, मग भाव

पहिले काम म्हणजे त्या तेलाचा ॲसे, अर्थात सविस्तर विश्लेषण अहवाल, मिळवून त्यावरची तारीख पाहणे. तेलक्षेत्र जुने होत जाते, नव्या विहिरींचे तेल त्यात मिसळते आणि नाव तेच राहून तेल बदलते; त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या ॲसेवर विसंबून केलेले नियोजन चुकू शकते. जहाज आल्यावर प्रत्यक्ष मालाचा नमुना घेऊन घनता, गंधक, पाणी व गाळ, क्षार, आम्लांक, पोअर पॉइंट (ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान) आणि ऊर्ध्वपातनाचे आकडे ॲसेशी ताडून पाहावेत, आणि तफावत मोठी असेल तर टाकी मोकळी करण्याची घाई करू नये. जहाज थांबवल्याचा दंड भरणे जिवावर येते हे खरे. पण तो दंड मर्यादित असतो, टाकीतल्या चांगल्या तेलात अनोळखी तेल मिसळल्याचे नुकसान तसे नसते.

भावाच्या वाटाघाटीत दोनच आकडे पुढे केले जातात, एपीआय आणि गंधक. एपीआयचे सूत्र सोपे आहे: १४१.५ ला सापेक्ष घनतेने भागून त्यातून १३१.५ वजा करायचे. आकडा जितका मोठा, तितके तेल हलके. मात्र या दोन आकड्यांवर निर्णय घेणे धोक्याचे का, ते एका उदाहरणावरून दिसेल. सुमारे ३८ एपीआय आणि ०.२ टक्के गंधकाचे मुंबई हाय तेल ७० भाग, आणि सुमारे २४ एपीआय व ४ टक्के गंधकाचे इराकचे बसरा हेवी ३० भाग, असे आकारमानाने मिसळले असे समजू. एपीआयची थेट सरासरी काढू नये. सापेक्ष घनतेची काढावी. ०.८३५ आणि ०.९१० यांच्यावरून मिश्रणाची घनता ०.८५७ येते, म्हणजे एपीआय ३३.५ च्या जवळ. गंधकाची सरासरी वजनाने काढली तर १.४ टक्के येते. कागदावर हे मिश्रण सौदीच्या अरब लाइट तेलाच्या आसपासचे, किंबहुना गंधकाच्या बाबतीत त्याहून बरे दिसते. प्रत्यक्षात त्यात दोन्ही टोके भरलेली असतात: एकीकडे नाफ्था (पेट्रोलच्या जातीचा हलका भाग), दुसरीकडे जड अवशेष, आणि मधला डिझेल-गॅसऑइलचा भाग अपेक्षेपेक्षा तोकडा. अशा मिश्रणाला या धंद्यात डंबेल क्रूड म्हणतात. म्हणून सरासरी आकडा बाजूला ठेवून प्रत्येक तापमान-टप्प्यात किती टक्के उत्पादन निघते, तो तक्ता समोर घ्यावा.

दोन चांगली तेले, एक वाईट मिश्रण

याच उदाहरणात आणखी एक अडचण दडलेली आहे, आणि माझ्या मते नवख्या नियोजकाकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. जड तेलातील ॲस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड रेणू, हे त्याच तेलातील रेझिन आणि ॲरोमॅटिक घटकांच्या आधाराने तरंगत असतात. त्यात मेणयुक्त, पॅराफिनिक हलके तेल ओतले की तो आधार सुटतो, ॲस्फाल्टीन साक्याच्या रूपात खाली बसतात आणि पुढे डिसॉल्टर (तेलातील क्षार धुणारे पात्र), उष्णता-विनिमयक व भट्टी यांत काळा चिकट थर धरतात. दोन्ही तेले वेगवेगळी चालवली तर तक्रार नसते. बिघडते ते मिश्रणात.

तपासणीची पहिली पायरी स्वस्त आहे. ठरलेल्या प्रमाणात मिश्रण करून, ते गरम करून, त्याचा एक थेंब गाळणकागदावर टाकावा आणि कागद ओव्हनमध्ये वाळवावा. डाग एकसारख्या तपकिरी रंगात पसरला तर बरे. मधोमध गडद ठिपका किंवा काळे कडे उमटले तर ॲस्फाल्टीन वेगळे होत आहेत असे समजावे. ही चाचणी एकाच प्रमाणावर न थांबवता १०, ३०, ५०, ७० टक्के अशी करावी, कारण विसंगती बहुधा ठरावीक प्रमाणाच्या पलीकडे सुरू होते. त्यापुढची पद्धत आकड्यांची आहे: मिश्रणाची विरघळवण्याची क्षमता दाखवणारा अंक हा कोणत्याही घटक तेलाच्या अविद्राव्यता-अंकापेक्षा (ॲस्फाल्टीन विरघळलेले राहण्यासाठी लागणाऱ्या किमान क्षमतेपेक्षा) पुरेशा अंतराने मोठा असला पाहिजे. क्रमही महत्त्वाचा आहे. टाकीत आधी ॲस्फाल्टीनयुक्त जड तेल घ्यावे आणि हलके तेल त्यात हळूहळू सोडावे; उलट केले तर सुरुवातीच्या प्रत्येक क्षणी थोडे जड तेल भरपूर हलक्या तेलात पडते आणि साका तिथेच तयार होतो.

टाकी आणि डिसॉल्टर

मेणयुक्त तेलाची काळजी वेगळी. मुंबई हायचे तेल उरणमार्गे ट्रॉम्बेला येते आणि त्याचा पोअर पॉइंट ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, म्हणजे मुंबईच्या हिवाळी रात्रीही ते पातळ राहील याची खात्री नाही. राजस्थानातील मंगला क्षेत्राचे तेल तर याहून मेणचट. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी शेकडो किलोमीटरची तापवलेली पाइपलाइन टाकावी लागली. अशा तेलासाठी टाकीत वाफेची कॉइल चालू आहे का, मिक्सर फिरतात का आणि बंद पडलेल्या पाइपमध्ये तेल साचून राहत नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते.

डिसॉल्टरमध्ये साधारण १२० ते १५० अंशांपर्यंत तापवलेल्या तेलात काही टक्के पाणी मिसळतात, क्षार त्या पाण्यात उतरतात आणि विद्युतक्षेत्राच्या मदतीने पाण्याचे थेंब एकत्र येऊन खाली बसतात. बाहेर पडणाऱ्या तेलात हजार बॅरलमागे एक पाउंडाहून कमी क्षार असावा, असे लक्ष्य बहुतेक ठिकाणी ठेवले जाते. जड तेलाची घनता पाण्याच्या जवळ जाते आणि त्याची दाटी थेंबांना खाली बसू देत नाही, त्यामुळे तेल-पाण्याच्या सीमेवर गाळ, पाणी आणि तेल यांचा जाड पायसी (इमल्शनचा) थर साचतो. तो वाढला की सांडपाण्यात तेल आणि तेलात पाणी जाऊ लागते. अशा वेळी मिक्सिंग व्हॉल्व्हवरचा दाबफरक वाढवण्याचा मोह आवरावा, कारण थेंब अधिक बारीक होऊन पायस आणखी घट्ट होतो. आधी तापमान, डिमल्सिफायरची (पायस फोडणाऱ्या रसायनाची) निवड आणि त्याची मात्रा तपासावी.

डिसॉल्टरमधून क्षार सुटला तर त्याचा परिणाम कॉलमच्या माथ्यावर दिसतो. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्लोराइड भट्टीच्या उष्णतेत पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन क्लोराइड सोडतात, आणि माथ्यावर पाण्याचा पहिला थेंब जमतो तिथे ते तीव्र आम्ल बनते. म्हणून नवे तेल सुरू असताना माथ्यावरील पात्रातून निघणाऱ्या पाण्याचा पीएच, क्लोराइड आणि लोह यांची नोंद नेहमीपेक्षा अधिक वेळा घ्यावी. लोह वाढू लागले तर धातू झिजतो आहे, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकी शेल तेलात हायड्रोजन सल्फाइड मारण्यासाठी घातलेली अमाइन कधीकधी उरलेली असतात, आणि ती क्लोराइडशी मिळून माथ्यावर क्षाराचे थर धरतात.

सेंद्रिय क्लोराइड मात्र डिसॉल्टरमध्ये धुतलेच जात नाहीत, कारण ते पाण्यात उतरत नाहीत. एप्रिल २०१९ मध्ये रशियाच्या द्रुझ्बा पाइपलाइनमध्ये नेमके हेच झाले: १० पीपीएमची (दहा लाखांत दहा भागांची) मर्यादा असताना तेलात सुमारे १५० ते ३३० पीपीएम सेंद्रिय क्लोराइड आढळले, बेलारूसमधील मोझिर रिफायनरीच्या यंत्रसामग्रीचे नुकसान झाले आणि युरोपकडे जाणारा प्रवाह थांबवावा लागला. नेहमीच्या क्षार-चाचणीत हे दिसत नाही. त्याची चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

धातूची पत

आम्लांक तेलाच्या ग्रॅममागे ०.५ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या वर गेला की ते तेल आम्लयुक्त धरतात. नॅफ्थेनिक आम्लांचे क्षरण साधारण २२० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, आणि विशेषतः वेगवान प्रवाहाच्या जागी, म्हणजे ट्रान्सफर लाइन (भट्टीतून कॉलमकडे जाणारा पाइप), वळणे आणि व्हॅक्यूम कॉलमच्या काही भागांत होते. तिथे मॉलिब्डेनमयुक्त स्टेनलेस पोलाद नसेल, तर अशा तेलाचे प्रमाण मिश्रणातच मर्यादित ठेवावे.

गंधकाचे क्षरण अधिक संथ आणि म्हणून अधिक फसवे असते. कॅलिफोर्नियातील शेव्हरॉनच्या रिचमंड रिफायनरीत ६ ऑगस्ट २०१२ रोजी क्रूड युनिटमधील पाइप फुटून आग लागली आणि आसपासच्या सुमारे १५,००० लोकांनी वैद्यकीय मदत घेतली. तो पाइप कमी सिलिकॉनच्या कार्बन पोलादाचा होता आणि गंधकाने आतून पातळ झाला होता. चौकशीत असेही पुढे आले की मधल्या वर्षांत तेथील तेलातील गंधक वाढत गेले होते. तेव्हा गंधक वाढवण्यापूर्वी निरीक्षण विभागाकडून २६० अंशांवरील प्रत्येक पाइपचा धातू आणि मोजलेली जाडी मागून घ्यावी. 'आतापर्यंत काही झाले नाही' हे उत्तर स्वीकारू नये.

पुढच्या युनिटांचा हिशेब

दिवसाला २०,००० टन तेल घेणाऱ्या रिफायनरीत ०.२ टक्क्याने ४० टन गंधक येते, वरच्या १.४ टक्क्याच्या मिश्रणाने २८० टन. सारे गंधक सल्फर रिकव्हरी युनिटकडे (गंधक वेगळे काढणाऱ्या युनिटकडे) जात नाही, काही भाग कोक व डांबरात राहतो; तरीही युनिटची क्षमता आणि हायड्रोजनचा साठा आधी तपासला नाही, तर १ एप्रिल २०२० पासून लागू असलेल्या बीएस-६ च्या १० पीपीएम मर्यादेत डिझेल बसवण्यासाठी क्रूडचा वेग कमी करण्याची वेळ येते. जड तेलातील निकेल क्रॅकिंग युनिटच्या (जड भाग तोडून हलका करणाऱ्या युनिटच्या) उत्प्रेरकावर कोक व हायड्रोजन वाढवते, व्हॅनेडियम त्याची झिओलाइट रचनाच मोडते. कोकर (अवशेषापासून कोक बनवणारे युनिट) नसेल तर अवशेषाचे काय करणार, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारावा. हलक्या तेलात उलट घडते: कॉलमचा माथा आणि नाफ्थाची युनिटे भरून जातात, खालची अर्धी रिकामी राहतात.

हे सगळे आकडे नियोजनाच्या रेषीय मॉडेलमध्ये घालताना भावातल्या सवलतीतून जहाजभाडे, जादा रसायने आणि घटलेला वेग वजा करावा. मॉडेलला साका, पायस किंवा क्षरण कळत नाही, त्यामुळे त्यांची मर्यादा हाताने घालावी लागते.

पहिली खेप ५ ते १० टक्के मिश्रणाने सुरू करावी आणि प्रत्येक वाढीनंतर युनिट स्थिर होऊ द्यावे. भट्टीत शिरणाऱ्या तेलाचे तापमान रोज नोंदवावे; वेग तोच असताना ते घसरत असेल तर विनिमयकांत थर बसतो आहे. हा थर खेप संपल्यावरही काही आठवडे आपला परिणाम दाखवत राहतो, आणि टाकीच्या तळाशी उरलेले तेल पुढच्या मिश्रणात मिसळतेच. म्हणून मालाचा राखीव नमुना खेप संपताच फेकून देऊ नये. विनिमयक उघडून स्वच्छ होईपर्यंत तो लेबल लावून जपून ठेवावा.