कॅम्पिंगसाठी जिम्नी की थार रॉक्स?

आधी माणसं मोजा, मग गाडी निवडा. दोघं जाणार असाल तर मारुतीची जिम्नी पुरते. मागची सीट पाडली की तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन आरामात बसतो. चौघं असाल तर मात्र सीट पाडता येत नाही, आणि उरलेल्या २०८ लिटरच्या डिकीत चौघांचं सामान कोंबताना भांडणं ठरलेली. मग टपावर कॅरिअर लावावा लागतो. त्यावर हलक्या वस्तूच ठेवा. जड सामान वर गेलं की तिरक्या वाटेवर गाडी डुलते.

महिंद्राच्या थार रॉक्समध्ये चौघं सामानासकट मावतात. पण तिची रुंदी १८७० मिलिमीटर, जिम्नीची १६४५. फरक वीतभरच, पण भंडारदऱ्याकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की तो नेमका कळतो. धरणाकाठच्या चिखलात वजनाने हलकी असलेली जिम्नी कमी रुतते, आणि रुतलीच तर चार जण ढकलून काढू शकतात.

घेण्याआधी एक नक्की बघा: जिम्नीला फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, सरसकट येतं, रॉक्सला फक्त काही डिझेल मॉडेलमध्ये. नुसतं रूप बघून मागच्या चाकांवर चालणारी रॉक्स घ्याल आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरवाल्याला फोन लावत बसाल.

शोरूमला जाताना तंबू आणि बॅगा सोबत न्या, डिकीत भरून बघा. सेल्समन हसेल, हसू द्या.