दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात छळ होत असेल, तर तक्रार कुठे आणि कशी करायची

कोल्हापुरात गुजरीतल्या सराफ पेढीवर, महाद्वार रोडच्या साडीच्या दुकानात, गांधीनगरच्या कापड गोडाऊनमध्ये काम करणाऱ्या बायकांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तो कायदा कंपन्यांसाठी. आमच्यासाठी कुठला?" हा समज खोटा आहे, आणि त्यापायी किती जणी गप्प बसतात हे बघून जीव तुटतो. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा पाच माणसांच्या दुकानालाही लागू आहे. नेमणूकपत्र नसेल, रोजंदारी असेल, कंत्राटदाराकडून आला असाल, शिकाऊ असाल किंवा कुणाच्या घरी धुणीभांडी करत असाल, तरी तो तुमचाच आहे.

लहान दुकानात आणखी एक अडचण असते. तिथे सगळेच 'दादा' नाहीतर 'काका'. काकांनी पाठीवरून हात फिरवला तर ती माया म्हणायची की छळ, हा प्रश्न पोरीला स्वतःलाच पडतो. लैंगिक स्वरूपाचा स्पर्श, अश्लील शेरे, शरीरसुखाची मागणी, घाणेरडे व्हिडिओ दाखवणं, यातलं जे तुम्हाला नकोसं आहे ते छळच आहे. मालकाने दिलेल्या गाडीतून जाता-येता घडलेलंही यात धरलं जातं.

आधी तारीख लिहून ठेवा

घटना घडल्यापासून, किंवा वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. सबळ कारण असेल तर तक्रारीची चौकशी करणारी समिती (ती कुठली, ते पुढे सांगितलं आहे) आणखी 3 महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. घरी गेल्यावर त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, काय केलं, जवळ कोण होतं. मेसेज कितीही किळसवाणे असले तरी पुसू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवा.

अर्ज असा लिहा

इथेच बहुतेक अर्ज लंगडे पडतात. "ते माझ्याशी नीट वागत नाहीत, मला त्रास देतात" एवढ्यावर समितीला चौकशी करता येत नाही. लाज वाटते म्हणून शब्द झाकले जातात आणि नेमकी तीच गोष्ट कागदावर येत नाही. असं लिहा: "दि. 4 रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी गोडाऊनमध्ये ठाण मोजत होते. त्यांनी मागून येऊन माझ्या कमरेला हात लावला. मी हात झटकला. तेव्हा ते म्हणाले, 'पगार वाढवून पाहिजे ना?'" त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहा. ते त्याचे शब्द आहेत, त्यांची लाज तुम्ही का बाळगायची? घटना अनेक असतील तर तारखेच्या क्रमाने घ्या. शेवटी साक्षीदारांची नावं-पत्ते द्या, स्क्रीनशॉट जोडा. अर्जाच्या 6 प्रती लागतात. सातवी स्वतःसाठी काढा. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.

अर्ज कुणाकडे द्यायचा

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तिथेच अंतर्गत समिती असायला हवी. तिची अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला. समितीच नसेल तर तेही जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा; मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज कुठे द्यायचा ते विचारा. चंदगड, गडहिंग्लज, शाहूवाडीच्या बायकांना त्यासाठी कोल्हापूर गाठायची गरज पडू नये म्हणून कायद्याने तालुक्यालाही नोडल अधिकारी, म्हणजे तक्रार घेऊन समितीकडे पाठवणारा अधिकारी, नेमायला सांगितलं आहे. तहसील कार्यालयात चौकशी करा. या अधिकाऱ्याने तक्रार 7 दिवसांत समितीकडे पाठवायची असते. कुठेही द्या, तुमच्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.

पुढे काय होतं

चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तोवर त्याच माणसासमोर रोज उभं राहायची सक्ती नाही. तुमची किंवा त्याची बदली, किंवा तुमच्या हक्काच्या रजेखेरीज 3 महिन्यांपर्यंत रजा लेखी मागा. समितीपुढे वकील कुणालाच आणता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पैसा आहे म्हणून दबून जाऊ नका. नाव बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. तडजोड तुम्ही मागितली तरच होते, आणि पैसे घेऊन मिटवणं हा तिचा आधार असू शकत नाही. "सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच केस होईल" अशी भीती घालतात. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही.

पोलिसांत जायचा हक्क वेगळा आहे आणि समितीसाठी तो थांबवावा लागत नाही. लैंगिक छळासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 75 आहे. तातडीला 112, मदतीला 181. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; तिथे महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर 15100.

तक्रार दिल्यावर बऱ्याचदा कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही मागतात. सही करू नका. "घरी वाचून सांगते" म्हणा आणि कुणी, कधी मागितली ते वहीत लिहा. सही आधीच झाली असेल, काम सुटलं असेल, तरी तिथे घडलेल्या गोष्टीची तक्रार मुदतीत देता येते.