दाढेच्या खाचांतली कीड: या चुका टाळा

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणाच्या लक्षात येत नाही. आलंच तर ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून दिलं जातं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ही दाढ कायमची आहे. गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

तिच्या माथ्यावरच्या खाचा बहुतेकदा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. जोर लावला म्हणून केस आत पोचत नाही, हिरडी मात्र सोलवटते. त्यात अर्धवट आलेली दाढ शेजारणीपेक्षा खाली असते, म्हणून पुढे-मागे फिरणारा ब्रश तिला शिवतच नाही. गालाच्या बाजूने ब्रश आडवा घाला आणि तेवढी एक दाढ वेगळी घासा. सहा-सात वर्षांपर्यंत हे मोठ्यांनीच करावं. पेस्ट वाटाण्याएवढी, किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची. फेस थुंकायचा, लगेच खळखळून चूळ भरायची नाही.

खाचांवरचा खरा उपाय म्हणजे सीलंट, खाचा बुजवणारा पातळ थर. तो दंतवैद्य लावतात. दाढ पुरेशी वर आली की लगेच करून घ्या, कीड लागायची वाट पाहू नका. यात ना इंजेक्शन, ना ड्रिल. दाढ साफ करून तिच्यावर साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुतात, वाळवतात. पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसला की पातळ रेझिन (प्लास्टिकसारखा द्रव) खाचांत सोडून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात.

सीलंट लवकर निघालं, तर बहुधा कारण असतं लाळ. वाळवलेल्या दाढेला लाळेचा थेंब लागला तरी रेझिन नीट धरत नाही. आम्लाची पायरी पुन्हा करावी लागते. म्हणून मुलाने जीभ मध्ये आणू नये आणि कापसाचे बोळे ओले होताच बदलावेत. दाढेवर हिरडीचा पदर असेल, कोरडं राखणं जमत नसेल, तर तात्पुरतं ग्लास आयनोमर (दातांचं एक प्रकारचं सिमेंट) लावून घ्यावं. ते ओलाव्याला जास्त सोसतं, टिकतं मात्र कमी.

सीलंट लावलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दर सहा महिन्यांनी तपासा. कडेने उचललेल्या तुकड्याखाली अन्न साचतं. दोन दातांमधल्या फटीत सीलंटचा उपयोग नाही, तिथे फ्लॉसच (फटीतून फिरवायचा दोरा) लागतो.

खाचेत काळी रेघ दिसली तर पिनेने कोरू नका. तो नुसता डाग असू शकतो, आणि कीड सुरू झालेली असेल तर टोकाने मऊ झालेलं इनॅमल (दाताचं वरचं कडक आवरण) तुटून खड्डा पडतो. खड्डा पडला की सीलंट पुरत नाही, दाढ भरावी लागते.

बाराव्या वर्षाच्या सुमाराला येणाऱ्या दुसऱ्या दाढेलाही हे सगळं लागू आहे.